घरच्या कॅप्चर कार्डवर कॅसेट आणि टीव्ही उतरवताना क्वालिटी किती ठेवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातलं शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खाली खानापूर आणि वर निपाणी-चिकोडीपर्यंत घराघरांत माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात व्हीएचएस कॅसेटी अजून आहेत. लग्नं, मुंजी, बारशी, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गावच्या यात्रेतल्या कुस्त्या, हौशी मंडळींची नाटकं. लेबलावर बॉलपेननं लिहिलेलं ‘बेळगाव’ आणि साल. मी नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अशा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देते. आता लोक स्वतःच कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआर किंवा टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र, आणून काम सुरू करतात, ही चांगली गोष्ट आहे. फक्त सेटिंगच्या पानावर आले की फोन करतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

सगळ्यात वरची क्वालिटी निवडली की काम संपलं ना?

नाही. ‘क्वालिटी’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. चित्राचा आकार ही एक आणि दर सेकंदाला किती माहिती साठवायची, म्हणजे बिटरेट, ही दुसरी. आकार कॅसेटच्या मापाचाच ठेवायचा. व्हीएचएसवर आडवा तपशील साधारण २४० रेघांइतकाच मावतो. तिला १०८०पी मध्ये रेकॉर्ड केलं तर फाइल फुगते आणि चेहरे तेवढेच धूसर राहतात. बिटरेटमध्ये मात्र हात आखडू नये. कॅसेट पुन्हा चालेलच याची खात्री नसते, त्यामुळे पहिल्यांदा उतरवतानाच भरपूर माहिती घेऊन ठेवावी. लहान फाइल नंतर कधीही करता येते, गेलेला तपशील परत आणता येत नाही.

मग सरळ आकडे सांगा.

आपल्याकडच्या व्हीएचएससाठी आकार ७२०×५७६, पद्धत पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड (अर्ध्या फ्रेमा, पुढे सांगितलं आहे). चित्र दाबून साठवायच्या पद्धतींपैकी (कोडेक) कार्ड एमपीईजी-२ मध्ये लिहीत असेल तर सेकंदाला ८ मेगाबिट. एच.२६४ असेल आणि ‘सीआरएफ’, म्हणजे बिटरेटऐवजी क्वालिटीचा आकडा, मागत असेल तर १६ ते १८. आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. बहुतेक घरगुती कॅसेटींना एवढं पुरतं.

सीआरएफचा आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे जास्त क्वालिटी. ६ नं वाढवला की फाइल ढोबळमानानं निम्मी होते. जुनी, मुंग्या येणारी कॅसेट असेल तर त्याच सीआरएफला फाइल मोठी येते, कारण त्या मुंग्याही एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला, हलणारं चित्र वाटतात आणि तो त्यांच्यावर माहिती खर्च करतो. त्यात काही चुकलेलं नसतं.

हार्ड डिस्कवर किती जागा लागेल?

मेगाबिटला ०.४५ नं गुणा, तासाला किती जीबी ते मिळतं. ८ मेगाबिटला तासाला ३.६ जीबी. लग्नाची कॅसेट बहुतेक वेळा ई-१८० असते, साध्या वेगात तीन तासांची. म्हणजे पूर्ण भरली असेल तर सुमारे ११ जीबी, आवाज धरून थोडं जास्त. त्याच कॅसेटवर लाँग प्लेमध्ये, म्हणजे निम्म्या वेगात, सहा तास असतात, तेव्हा हिशेब दुप्पट करा.

काहीही न दाबता, कच्चं रेकॉर्ड केलं तर ७२०×५७६ ला तासाला जवळपास ७५ जीबी लागतात. हफवाययूव्हीसारखा तपशील न गमावणारा कोडेक वापरला तर साधारण त्याच्या निम्मे. एखादी कॅसेट फारच मोलाची असेल, किंवा नंतर रंग दुरुस्त करायचे असतील, तर हा मार्ग घ्यावा. प्रत्येक बारशासाठी त्याची गरज नाही.

मेनूत व्हीसीडी, एसव्हीसीडी, डीव्हीडी अशी नावं आहेत. कोणतं घ्यायचं?

जुन्या टीव्ही ट्यूनर कार्डांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांऐवजी ही नावं असतात. व्हीसीडी म्हणजे ३५२×२८८ आणि सुमारे १.१५ मेगाबिट. एसव्हीसीडी म्हणजे ४८०×५७६ आणि अडीच मेगाबिटच्या आसपास. डीव्हीडी म्हणजे ७२०×५७६, बिटरेट ९.८ मेगाबिटपर्यंत. डीव्हीडी घ्या आणि त्यातला बिटरेट हातानं ८ करा. ‘लाँग प्ले’ नावाचा पर्याय दिसला तर तो टाळा, त्यात हेच बिटरेट खाली आणलेलं असतं.

थेट डिस्क जाळायची असेल तर वेगळा हिशेब आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर ८ मेगाबिटनं सव्वा तास बसतो. अडीच तास बसवायचे तर बिटरेट ४ वर आणावा लागतो आणि मिरवणुकीच्या दृश्यांत चौकोन दिसू लागतात. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबू नका, दोन-तीन डिस्का करा.

व्हीएचएसमध्ये मुळातच कमी तपशील असतो, तर ३५२×२८८ का चालणार नाही? फाइलही लहान होईल.

हीच चूक मी सुरुवातीला केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या आत्याचं लग्न मी ३५२×२८८ मध्ये उतरवलं. लहान पडद्यावर बरं दिसलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या पावसाळ्यात त्या कॅसेटला बुरशी लागली आणि आता आमच्याकडे तेवढंच चित्र उरलं आहे.

अडचण वरून खाली मोजायच्या रेघांत आहे. पालच्या ६२५ रेघांपैकी ५७६ मध्ये चित्र असतं. त्या दोन खेपांत येतात, आधी एकाआड एक २८८ आणि मग मधल्या २८८. या दोन खेपा म्हणजे दोन फील्ड, आणि त्यांच्यामध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो. तुम्ही २८८ रेघांचा आकार निवडला की सर्वसाधारणपणे कार्ड एक खेप टाकूनच देतं. नुसता तपशील जात नाही, निम्मी हालचाल जाते. आत्याच्या लग्नात वरातीत नाचणारी माणसं आता किंचित अडखळत नाचतात.

आडवी बाजू कमी केली तर तेवढं नुकसान नाही. ३५२×५७६ हा आकार व्हीएचएसला बराचसा पुरतो. पण आज डिस्क स्वस्त आहे, मग ७२० च का नको? ५७६ ला मात्र हात लावू नका.

घरात मूळ कॅसेट नाहीच, फोटोवाल्यानं दिलेली व्हीसीडी तेवढी आहे, अशीही घरं पुष्कळ आहेत. ती प्लेअरला लावून कॅप्चर करू नका. डिस्कवरची .डॅट फाइल आहे तशी कॉपी करा, तीच तिची सर्वोत्तम प्रत. चरे पडल्यामुळे कॉपी मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर प्रयत्न करा, ड्राइव्हगणिक फरक पडतो.

चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. कार्ड बिघडलं का?

बहुधा कार्ड एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, आहे. व्हिडिओ स्टँडर्डमध्ये जाऊन पाल-बी निवडा. बरीच कार्डं पेटीतून निघताना एनटीएससीवरच असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र खरोखर एनटीएससी असते. तिच्या ४८० रेघा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम असतात, आणि ती वाजवणारा व्हीसीआरही तसाच लागतो.

हालचाल झाली की कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात.

वर सांगितलेल्या दोन खेपा एकाच फ्रेममध्ये एकत्र दिसतात, त्या या रेघा. जुन्या टीव्हीवर त्या दिसत नसत, कारण तो खेपा एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटरचा पडदा सगळं एकदम दाखवतो.

येळ्ळूरकडच्या कुस्तीच्या एका कॅसेटवर मला हे नीट कळलं. पैलवानानं ढाक मारली तो क्षण २५ फ्रेममध्ये घेतला तर हात म्हणजे एक पुसट पट्टा. प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करून ५० वर नेलं, आणि पकड कुठे बसली, पाय कधी उचलला, सगळं सुटं सुटं दिसलं. कुस्ती, लेझीम, कबड्डी, झांजपथक असं काही असेल तर ५० च ठेवा. मंगलाष्टकांत कुणी धावत नाही, तिथे २५ चालतील.

उत्तम पद्धत अशी की मूळ फाइल फील्डसकट आहे तशी जपायची आणि पाहण्याच्या प्रतीत रेघा काढायच्या. ‘ब्लेंड’ हा पर्याय घेऊ नका. तो दोन क्षण एकमेकांत मिसळतो आणि मग ते वेगळे करता येत नाहीत. चित्र पुढे-मागे हिसके देत असेल तर फील्डचा क्रम उलटा पडला आहे. ॲनालॉग कार्डांवर बहुधा वरचं फील्ड आधी येतं, डीव्ही (मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या) फायलींत खालचं.

ओबीएसमध्ये नेमकं काय बदलायचं?

ओबीएस हा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचा प्रोग्रॅम. तो फुकट आणि चांगला आहे, पण त्याची मूळ सेटिंग कॅसेटसाठी केलेली नाहीत. सेकंदाला ३० फ्रेम असतात, ते ५० करा. नाहीतर आपल्या २५ फ्रेमांत मधूनमधून एकेक जास्तीची घुसते आणि कॅमेरा संथपणे फिरताना सुद्धा चित्र ठेचकाळतं. कॅनव्हास पडद्याएवढा असतो, तो ७६८×५७६ करा. ७२० चं ७६८ कसं झालं, असं लोक विचारतात. पालचे ठिपके चौकोनी नसतात, त्यामुळे ४:३ चं प्रमाण कॉम्प्युटरवर राखायला एवढी रुंदी लागते. हे केलं नाही तर सगळी माणसं थोडी उभट दिसतात.

नंतर सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (कंगव्याच्या रेघा काढायची सोय) ‘याडिफ २एक्स’ आणि ‘टॉप फील्ड फर्स्ट’. आउटपुटच्या साध्या पानावर ‘इनडिस्टिंग्विशेबल क्वालिटी’. ओबीएस फील्डसकट रेकॉर्ड करत नाही, रेघा तिथेच काढतो. फील्ड जपायचीच असतील तर व्हर्च्युअलडब या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळा.

मध्येच लाईट गेली तर?

आपल्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की हे होणारच. ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये फाइलचा ताळेबंद शेवटी लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर तो लिहायचा राहतो आणि दोन तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही तोडली तरी तोपर्यंतचं सगळं वाचता येतं. काम झाल्यावर ‘रीमक्स’ करून तिची एमपी४ करा, त्यात क्वालिटी कणभरही कमी होत नाही.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण व्हीसीआर थांबतो. त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. विजा कडकडत असतील तर त्या दिवशी काम काढूच नका.

चार जीबी झाले की रेकॉर्डिंग थांबतं.

पेनड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. ८ मेगाबिटला सुमारे सत्तर मिनिटांत ती मर्यादा येते, म्हणजे लग्नात नेमकी जेवणाची पंगत बसल्यावर. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जातं. आणि रेकॉर्डिंग थेट पेनड्राइव्हवर घेऊच नका, आतल्या डिस्कवर घेऊन मग कॉपी करा.

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभरानं आवाज मागे पडतो.

फ्रेमा गळत आहेत. चित्राच्या फ्रेमा वाटेत पडतात, आवाज सलग येतो, आणि फरक साचत जातो. इथे क्वालिटी वाढवून काही होत नाही, कॉम्प्युटरचा भार कमी करावा लागतो. कार्ड हबमध्ये न लावता सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. विंडोज अपडेट थांबवा. एन्कोडरचा प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ करा आणि ओबीएसच्या स्टॅट्समध्ये गळालेल्या फ्रेमांचा आकडा शून्यावर आहे का पाहत राहा. सगळं करूनही गळती राहिली तर दोष कॅसेटच्या सिग्नलचा असतो. झिजलेल्या टेपवर रेघांचं वेळापत्रक डळमळतं आणि कार्डाला फ्रेम कुठे सुरू होते तेच कळत नाही. यावर टाइम बेस करेक्टर हे यंत्र आहे, पण घरासाठी महाग. तोवर दहा-दहा मिनिटांचे तुकडे घेणं हा साधा उपाय, तुकड्यात फरक साचायला वेळच मिळत नाही.

अंतरपाट धरलाय तिथे नुसता पांढरा चौकोन दिसतो.

त्या काळी व्हिडिओवाले हॅलोजनचा प्रखर दिवा घेऊन यायचे. अंतरपाट, भटजींचं उपरणं, मुलाकडच्यांचे फेटे त्यात उजळून निघायचे. कॅसेटवर त्यांच्या घड्या बऱ्याचदा शिल्लक असतात, कॅप्चर कार्ड त्या कापतं. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी कॅसेट लग्नघटिकेपर्यंत पुढे घ्या, तिथे थांबा आणि कार्डाच्या ड्रायव्हरमधला ब्राइटनेस आणि काँट्रास्ट हळूहळू उतरवा. पांढऱ्यात घड्या दिसू लागल्या की थांबा. चित्र थोडं मंद वाटेल, वाटू द्या. ते नंतर उजळता येतं, कापलेलं पांढरं परत येत नाही. माझ्या मते बिटरेटच्या कोणत्याही आकड्यापेक्षा या पाच मिनिटांनी जास्त फरक पडतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

लाल रंग साडीच्या बाहेर सांडतो.

व्हीएचएसवर रंगाचा तपशील फारच कमी असतो, त्यामुळे इरकलीचा लाल पदर काठाबाहेर पसरलेला दिसतो. क्वालिटीच्या कोणत्याही सेटिंगनं तो आत जात नाही. रंगाची मात्रा किंचित उतरवली तर डोळ्याला कमी खुपतं. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टीही व्हीएचएसची जन्मखूण आहे. पाहण्याच्या प्रतीत ती झाकून टाका.

आवाजासाठी काय?

४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. पातळी हलगी किंवा ढोल-ताशाच्या जागी तपासा, मंगलाष्टकांच्या जागी नको. सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आत राहिला पाहिजे. सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. जुन्या वाड्यांत अर्थिंग धड नसतं, आणि चार्जर काढताच तो आवाज पुष्कळदा थांबतो.

सेट-टॉप बॉक्सवरून रेकॉर्ड करायचं आहे. एचडीएमआय लावलं तर पडदा काळा.

तो प्रसारण कंपनीनं घातलेला एचडीसीपीचा, म्हणजे कॉपी-बंदीचा, पहारा आहे, तो तोडायच्या मागे लागू नका. बॉक्सला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं एव्ही आउटपुट असेल तर ते वापरा. चित्र ५७६ रेघांचंच येईल. बातम्या आणि कीर्तनाला ४ ते ५ मेगाबिट पुरतात, कारण चित्र फारसं हलत नाही. क्रिकेटला ८ ठेवा. निवेदकाच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्यी रंग खेळताना दिसतील. एकाच वायरीत रंग आणि उजेड एकत्र आल्यामुळे ते होतं, बिटरेटनं जात नाही.

घरी डीडी फ्री डिश असेल तर आधी बॉक्सच्या मागे यूएसबी खाच आहे का पाहा. त्या प्रकारच्या बऱ्याच बॉक्समध्ये पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असते. तो बॉक्स आकाशातून आलेला डेटा जसाच्या तसा लिहितो, मध्ये काहीच दाबलं जात नाही. सह्याद्रीवरचा कार्यक्रम असा घेतला तर कोणतंही कॅप्चर कार्ड त्याच्यापुढे जाऊ शकत नाही, आणि क्वालिटी निवडायचा प्रश्नच उरत नाही.

घरी पुन्हा पाहण्यासाठी ठेवणं निराळं. वाहिनीचा कार्यक्रम आपल्या चॅनलवर चढवू नका, तो कॉपीराइटचा भंग आहे.

पेटीवर ‘४के’ लिहिलेली स्वस्त एचडीएमआय काडी घेऊ का?

पोर्ट यूएसबी २.० असेल तर ते ‘४के’ फक्त आत घेण्यापुरतं असतं. १०८०पी ला ३० फ्रेम न दाबता पाठवायच्या तर सेकंदाला जवळपास १००० मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कमाल ४८० आहे. म्हणून ती काडी चित्र आधीच एमजेपीईजीत दाबून पाठवते. हँडीकॅमसाठी तशी चालते. व्हीएचएससाठी उपयोगाची नाही.

मिनीडीव्ही कॅसेट कोणत्या क्वालिटीवर घ्यायची?

कोणत्याच नाही. तिच्यावर आधीच डिजिटल फाइल आहे, २५ मेगाबिटची. कॅमेऱ्याच्या फायरवायर पोर्टातून ती आहे तशी काढा, तासाला सुमारे १३ जीबी होतात. पिवळी पिन लावून कॅप्चर केलं तर फुकट नुकसान.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरं काहीतरी दिसतंय.

थांबा, व्हीसीआरमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात हे फारच होतं, बेळगाव शहरातही होतं. एक बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरचं हेड खराब करते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही तीच लागते. जाणत्या माणसाकडून टेप साफ करून घ्या. कॅसेटी उतरवायचं काम मी जमेल तेवढं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढते. तुम्हीही तसंच करा.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कसं पाठवू?

व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. स्वतःच्या घरचं किंवा मंडळाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर ठेवायचं असेल तर त्यासाठी ९६०×७२० ची वेगळी प्रत करा. यूट्यूब ५० फ्रेम ७२०पी पासून वरच ठेवतो, त्याखालच्या फाइलच्या निम्म्या करतो, आणि कुस्तीतली ती ढाक पुन्हा पुसट होते. ही मोठी केलेली प्रत फक्त चढवण्यापुरती, जपायची ती मूळचीच.

सगळं उतरवून झालं. आता कॅसेट टाकून देऊ?

आधी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा, पुढे न ढकलता. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या घरी ठेवा. तरीही कॅसेट टाकू नका. उद्या चांगला व्हीसीआर मिळाला तर तीच कॅसेट पुन्हा, जास्त चांगली उतरवता येईल. ती पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या कपाटात. आणि तिच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये घाला. कुणाचं लग्न, कोणतं साल, कुठलं कार्यालय हे बहुतेक वेळा फक्त त्या लेबलावरच लिहिलेलं असतं, आणि पावसाळी दमटपणात शाई टेपच्याही आधी जाते.